मर्डो टिलब्रुक सभ्य झाला त्या दिवशी

मर्डो टिलब्रुक वाचला. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं वाचली नाहीत, पण त्या दोन बोटांशी त्याचं कधी फारसं जमलंही नव्हतं.

ही दोन वाक्यं कुठे लिहिलीच गेली नाहीत, असं आता सगळ्यांनी धरून चालायचं आहे. कारण फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी सकाळी साडेदहाला विरानिला गावात यातलं कोणालाच काही ठाऊक नव्हतं. लिओनी नॉस्केला तर नव्हतंच. आज गुरुवार आहे हेही त्या घडीला तिला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरच पटलं असतं.

लिओनी एकोणीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळत होती आणि सोळा वर्षं गावची अँब्युलन्स. अँब्युलन्स गावकरीच चालवायचे. पगार नव्हता. हिरवा गणवेश मिळायचा, आणि दर नाताळात प्रादेशिक कार्यालयाकडून आभाराचं छापील पत्र यायचं, ते लिओनीच पोस्टात फोडून स्वतःला द्यायची. पाळीच्या तक्त्यावर नऊ नावं होती. त्यातले दोघं क्वीन्सलंडला राहायला गेले होते, एकीचे गुडघे बदलले होते आणि दोघं वारले होते. वारलेल्यांपैकी बर्ट ओक्लीचं नाव कमी करायला कार्यालयाला त्याच्या सहीचा राजीनामा हवा होता, त्यामुळे बर्ट दर मंगळवारी कागदोपत्री कामावर असायचा. उरलेल्या चौघांत दोघं नवरा-बायको होते आणि त्यांचं आपसात बोलणं बंद होतं. एका गाडीत त्यांना बसवलं तर रुग्णाला मध्यस्थी करावी लागायची. राहता राहिली लिओनी, आणि राहता राहिला तेवीता.

तेवीता फोनुआ लहानपणी टोंगाहून आलेला, धान्याच्या कोठारावर कामाला, तीन मुलींचा बाप. तो गाडीत बसला की गाडी त्याच्या बाजूला जराशी कलायची.

पेजर वाजला तेव्हा लिओनी काउंटरवर डोकं टेकून शिक्का मारत होती. पोस्टाच्या दारावर ‘लगेच येते’ ही पाटी सोमवारपासून लटकत होती, त्यामुळे ती नव्याने लावायचे श्रम तरी वाचले. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन. गाडीशी तेवीता आधीच उभा होता.

“मावशी, झोपलीस का काल?”

“झोपले की. इथे अर्धा तास, तिथे पाऊण तास. जोडलं तर एक रात्र होईल.”

“कोण आहे?”

“मर्डो टिलब्रुक. जरा बरं नाही म्हणे.”

तेवीताने गाडीचा वेग वाढवला. विरानिलात ‘जरा बरं नाही’ म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. गेल्या सुगीत कॉलिन वेबचा हात धान्य ओढायच्या यंत्रात गेला. दुखणं दहापैकी किती, असं विचारल्यावर तो म्हणाला, “तीन असेल,” आणि उरलेल्या हाताची तीन बोटं दाखवली. तेव्हापासून तेवीता या गावात कोणी ‘दोन’ म्हटलं की भोंगा लावायचा.

फाटकाशी मर्डोची बायको डुल्सी उभी होती. “अगं, तुम्हाला उगाच उन्हाचं बोलावलं. मी म्हटलं राहू दे, संध्याकाळपर्यंत बघू. पण त्याला मघाशी चहा दिला तर ‘छान झालाय’ म्हणाला.”

“मग?”

“एक्कावन्न वर्षं झाली लग्नाला,” डुल्सी म्हणाली आणि तिने फाटक उघडून धरलं.

मर्डोने चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरली होती आणि त्या चाळीस वर्षांत मेंढ्यांना जे बोलता आलं नाही ते निवृत्तीनंतर तो माणसांना बोलायचा. पोस्टात आला की लिओनीचा उद्धार ठरलेला. पत्र उशिरा आलं तर, “गाढवावर बसवून आणलंस का गं?” लवकर आलं तर, “आज झोप लागली नाही वाटतं भवानीला.” वेळेवर आलं तर तो नुसता संशयाने बघायचा. लिओनीला त्याचा राग कधीच आला नव्हता. एकोणीस वर्षं रोज ऐकल्यावर शिव्यासुद्धा घड्याळाच्या टोल्यांसारख्या होतात, न वाजल्या तरच लक्षात येतात.

आत तो आरामखुर्चीत होता. अंगात हनुवटीपर्यंत लोकरीचा स्वेटर, आणि त्या स्वेटरच्या आत मर्डो कुडकुडत होता.

“आलीस का लिओनी?” तो म्हणाला. “माफ कर हं. एवढ्या उन्हात तुला त्रास.”

लिओनीने मागे वळून पाहिलं. मागे दुसरी कोणी लिओनी असावी असं तिला वाटलं.

“आणि तूही आलास,” मर्डो तेवीताला म्हणाला. “देव तुझं भलं करो.”

तेवीता लिओनीच्या कानाशी वाकला. “मावशी, मला भीती वाटते. मागच्या खेपेला छातीत दुखत होतं तेव्हा हा मला कपाट म्हणाला होता. ‘हे कपाट आधी दारातून हलवा, मग मला न्या.’”

“मशीन लाव,” लिओनी म्हणाली.

नाडी शहाण्णव. पण मर्डो हृदयाची गोळी घ्यायचा, ती नाडीला वर चढू देत नाही, त्यामुळे त्या शहाण्णवावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. ताप नाही, छत्तीस पूर्णांक दोन. श्वास मिनिटाला चोवीस. रक्तदाब वरचा एकशे आठ.

“एकशे आठ म्हणजे झकास की,” डुल्सी म्हणाली. “माझाही एवढाच असतो.”

“याचा किती असतो?”

डुल्सीने फ्रिजकडे बोट केलं. तिथे कॅलेंडर होतं आणि त्यावर मर्डो रोज सकाळी दोन आकडे लिहायचा, एक रक्तदाबाचा आणि एक पावसाचा, एकाच रकान्यात. पाऊस नोव्हेंबरपासून शून्य होता. दुसरा आकडा एकशे अडुसष्ट, एकशे बहात्तर, एकशे सहासष्ट असा चालला होता. मंगळवारी एकशे चाळीस. काल काहीच नाही. आजच्या चौकोनात थरथरत्या अक्षरात फक्त ‘आभार’ असं लिहिलेलं होतं.

लिओनी त्या शब्दाकडे बघत राहिली.

आठ दिवसांपूर्वी गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या लोखंडी आकड्यावर मर्डोची नडगी आपटली होती. त्या मुलखात ज्याची नडगी त्या आकड्यावर आपटलेली नाही तो पाहुणा समजतात. मर्डोने तिच्यावर मेंढ्यांच्या जखमेवर मारायचा जांभळा फवारा मारला होता. विरानिलात सगळे तोच मारून घेतात. मेंढ्यांची तक्रार नाही, मग आपण कोण मोठे लागून गेलो, असा त्यामागचा विचार. शाळेच्या स्नेहसंमेलनात निम्म्या पोरांचे गुडघे जांभळे असतात आणि फोटोत ते छान दिसतात.

लिओनीने पायजमा वर केला. घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत जांभळं.

“किती मारता हो हे?”

“त्याचा हात सैल आहे,” डुल्सी म्हणाली. “अर्धी बाटली संपवतो.”

लिओनीने कागदावर लिहिलं, ‘डावा पाय, जखम, वर फवारा,’ आणि पायजमा खाली केला. तिच्या जागी गावातलं कोणीही तेच लिहिलं असतं. त्या जांभळ्या रंगाकडे निरखून बघायची तिथे कोणाला सवयच नव्हती.

गाडीच्या दाराला आतून लाल चौकटीचा एक तक्ता चिकटवलेला होता. वर मोठ्या अक्षरांत ‘सेप्सिस’. साधी गोष्ट होती. एखाद्या जखमेतला जंतू रक्तात उतरतो, अंग त्याच्याशी लढायला उठतं, आणि लढता लढता घरचीच भांडी फोडायला लागतं. मग एक एक अवयव काम टाकतो. तासाभरात औषध शिरेत गेलं तर माणूस हाती लागतो, उशीर झाला तर प्रत्येक तास त्याच्या आयुष्यातून वजा. लिओनीच्या पेटीत ते औषध नव्हतं. तिच्याकडे होता तो तक्ता. सात चौकोन, त्यातले तीन भरले की पुढे ‘लाल इशारा’ कळवायचा, आणि रुग्ण रांग सोडून थेट आत.

श्वास जलद, एक. “लघवी कधी झाली?” लिओनीने विचारलं.

मर्डो संकोचून म्हणाला, “असं बाईमाणसासमोर कसं सांगू?”

तेवीताने छातीवर क्रूस काढला.

“मागच्या लिंबाच्या झाडापाशी जातो तो, सगळेच जातात,” डुल्सी म्हणाली. “काल सकाळपासून गेला नाही. झाडाखालची माती बघून आले मी, ठणठणीत कोरडी.” दोन.

तिसरा चौकोन होता ‘वागण्यात नवा गोंधळ’. त्यासाठी चार ठरलेले प्रश्न होते. नाव काय, कुठे आहात, वार कोणता, पंतप्रधान कोण. मर्डोने नाव सांगितलं, घर सांगितलं, वार सांगितला, तेव्हा लिओनीलाही तो कळला. मग त्याने पंतप्रधानांचं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाला, “बिचाऱ्याचं काम फार अवघड आहे गं. आपण लोक उगाच बोलतो.”

डुल्सी खुर्चीत बसली.

लिओनीने तिसऱ्या चौकोनात खूण केली. करताना तिचा हात थांबला होता, हेही खरं. तीन आठवड्यांपूर्वी तिने असाच लाल इशारा दिला होता आणि तो माणूस शिळ्या कालवांनी आजारी निघाला होता. त्यावर वरून पत्र आलं होतं की आणखी एक चुकीचा इशारा गेला तर विरानिलाच्या गाडीला इशारा देण्याचा अधिकार ठेवावा की नाही याचा फेरविचार होईल. पत्र तिनेच फोडलं होतं, तिनेच स्वतःला दिलं होतं. पण मर्डो पंतप्रधानांची कीव करत होता. यापुढे त्या पत्राचा काय पाड.

पोर्ट हॅलमचं हॉस्पिटल चौऱ्याण्णव किलोमीटरवर होतं. तेवीताने गाडी हाणली. मागे लिओनीने नळीतून ऑक्सिजन दिला, सलाइन लावलं आणि रेडिओवर लाल इशारा कळवला.

पलीकडून आवाज आला, “गोंधळाचा चौकोन भरलाय. चार प्रश्नांची उत्तरं?”

“चारही बरोबर.”

“मग गोंधळ कसला?”

“तो सभ्य वागतोय.”

रेडिओ खरखरला. “पुन्हा सांगा.”

“माझे आभार मानतोय. दोनदा मानलेत.”

“विरानिला, इशारा पिवळा करण्यात येत आहे. रांगेत या.”

“बघ,” मर्डो स्ट्रेचरवरून म्हणाला, “किती नीट बोलली ती मुलगी.”

रांगेत त्यांच्या पुढे सहा गाड्या होत्या. हॉस्पिटलच्या उतारावर त्या एकामागे एक उभ्या राहायच्या आणि आत खाट मोकळी होईपर्यंत रुग्ण गाडीतच. तीन तास, पाच तास. तिथे उभं राहून लोकांनी स्वेटर विणले होते, घटस्फोटाचे अर्ज भरले होते. दुसऱ्या गावच्या एका गाडीवाल्याने तर त्या रांगेतच बायको मिळवली होती. ती पुढच्या गाडीत होती.

परिचारिका जिन्सी गाडीपाशी आली. केरळहून आलेली, चौदा तास पायांवर, डोळ्यांखाली कोळशाने ओढल्यासारखी वर्तुळं. लिओनी आणि ती दोन वर्षं एकमेकींना फक्त याच उतारावर भेटत होत्या.

“लिओनी, रक्तदाब एकशे चार आहे. ताप नाही. माणूस बोलतोय. माझ्याकडे आत एक छातीदुखी जमिनीवर बसलीय.”

“याचा एकशे सत्तर असतो गं. एकशे चार म्हणजे याच्यासाठी दुष्काळ.”

“लेखी आहे?”

“फ्रिजवर आहे. पावसाबरोबर.”

जिन्सी मर्डोकडे वळली. “आजोबा, कसं वाटतंय?”

“मी मजेत आहे, बाळ. तू मात्र दमलेली दिसतेस. जेवलीस का?”

जिन्सीच्या डोळ्यांत पाणी आलं. आख्ख्या पाळीत तिला हे पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. “किती गोड माणूस आहे हा,” ती म्हणाली.

“तेच सांगतेय मी!” लिओनी ओरडली. “हा गोड माणूस नाहीये! उत्तरं सगळी बरोबर आहेत जिन्सी, माणूस चुकीचा आहे!”

“मला चौकोन भरायला काहीतरी दे,” जिन्सी थकून म्हणाली. “सभ्यपणाचा चौकोन नाही माझ्याकडे. अर्ध्या तासाने परत बघते.” आणि ती गेली, कारण आतून तिला तिघं जण एकदम हाका मारत होते.

तेवीताने नियंत्रण कक्षाला फोन लावला. “रांगेतल्या गाडीत रुग्ण बिघडला तर करायचं काय?”

“तातडीचं असेल तर अँब्युलन्स पाठवतो.”

“आम्ही अँब्युलन्समध्येच आहोत.”

“कोणत्या गावची?”

“विरानिला.”

टक टक टक अशी कळा दाबल्याची चाहूल. “जवळची मोकळी गाडी विरानिलाची दाखवतेय. पाठवू?”

“ती आम्हीच.”

“मग तुम्ही मोकळे नाही.”

“नाही.”

“बरं झालं सांगितलंत, दुरुस्त करतो,” पलीकडचा म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

तेवीताने फोन खिशात घातला आणि दोन मटणाचे पाय, म्हणजे भट्टीत भाजलेले खिम्याचे पॅटिस, घेऊन आला, वर लाल सॉस. खाण्याचा पाय, मर्डोचा नव्हे, असं त्याने हसवायला म्हटलं, पण कोणी हसलं नाही. लिओनीने एक घास घेतला आणि घास तोंडात असतानाच तिला डुलकी लागली. मर्डोच्या आवाजाने ती दचकली. तो गाडीच्या छताला म्हणत होता, “फार छान सोय केलीत.”

श्वास अठ्ठावीस. रक्तदाब एकशे एक. बोलणं आता जड, जिभेवर दगड ठेवल्यासारखं. लिओनीने त्याचा हात धरला तर तो मांस विकायच्या फळीसारखा गार आणि ओलसर लागला. तिला रडावंसं वाटलं. पण रडायला बसलं तर मध्येच झोप लागेल, अशी तिला भीती वाटली.

मग तिने ते केलं जे थकलेली बाई करते. हाताला काही काम हवं म्हणून ती साफसफाई करायला लागली. फवाऱ्याचा रंग पांघरुणाला लागला तर ते पांघरूण शनिवारी तिलाच घरी धुवावं लागणार होतं. तिने स्पिरिटचा बोळा घेतला आणि मर्डोची नडगी पुसली. बोळा जांभळा झाला, नडगी लालभडक आणि सुजलेली निघाली. दुसरा बोळा घेऊन तिने गुडघा पुसला.

बोळा पांढराच राहिला.

तिने जोराने पुसलं. गुडघा जांभळाच. तो जांभळा रंग एकसारखा नव्हताही, मासे पकडायच्या जाळ्यासारखे त्याचे धागे कातडीखाली पसरले होते. तिने अंगठ्याने दाबलं. जागा पांढरी पडली आणि रंग परत यायला एवढा वेळ लागला की त्यात एखाद्या पाकिटावर तिकीट चिकटवून झालं असतं.

“तेवीता,” ती म्हणाली, “उजवा पायजमा वर कर.”

“उजव्या पायाला काही झालं नाहीये, मावशी.”

“म्हणूनच.”

उजवा गुडघाही जांभळा होता. तशाच जाळीचा. ज्या गुडघ्याला खरचटलंही नव्हतं, ज्यावर सैल हाताच्या माणसानेसुद्धा फवारा मारायचं काही कारण नव्हतं.

घरी लिओनीने पायजमा वर केला होता तेव्हाही हे तिथे होतं. तिने बघितलं होतं आणि कागदावर ‘फवारा’ लिहिलं होतं. दोन तास झाले होते त्याला. सोळा वर्षांत तिने अनेक चुका केल्या होत्या, पण ही चूक तिच्या स्वतःच्या अक्षरात समोर होती.

ती गाडीतून उतरली आणि सहा गाड्या ओलांडून सरळ आत गेली. नियमाप्रमाणे ते चालत नाही. जिन्सी एका खाटेचं चाक लाथेने सरळ करत होती. लिओनीने तिच्या हातात स्पिरिटचा बोळा ठेवला.

“चल. काही बोलायचं नाही. फक्त पुस.”

जिन्सीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आली. गाडीत चढली, उजवा गुडघा पुसला, बोळा बघितला, डावा पुसला, बोळा बघितला, दाबला, मनात आकडे मोजले.

“हे मेंढ्यांचं औषध नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“मघाशी मला वाटलं, तुमच्याकडे सगळे असेच येतात.”

“सगळे असेच येतात. मलाही तेच वाटलं.”

जिन्सी दाराकडे वळून एवढ्या मोठ्याने ओरडली की रांगेतल्या पहिल्या गाडीतला रुग्ण उठून बसला. कातडीच्या रंगाचा तिसरा चौकोन भरला होता आणि पिवळ्याचा लाल व्हायला चार सेकंद लागले. तेवीताने स्ट्रेचर एकट्यानेच ओढलं. दारात उभा असलेला पहारेकरी बाजूला झाला नसता तर तोही सोबत दाखल झाला असता.

“सावकाश रे बाळा,” मर्डो पुटपुटला. “तुझी पाठ दुखेल.”

“गप बस रे म्हाताऱ्या,” तेवीता रडवेल्या आवाजात म्हणाला. “मला कपाट म्हण. एकदा कपाट म्हण ना.”

आत डॉक्टरांनी रक्त काढलं, दोन्ही हातांत सुया गेल्या, औषधाची पिशवी लोंबायला लागली. लिओनीने घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं. ती वेळ तिने कागदावर लिहिली, आणि वर जिथे ‘फवारा’ लिहिलं होतं तो शब्द खोडला नाही. त्याच्या शेजारी लिहिलं, ‘फवारा नव्हता. माझी चूक.’ मग बर्फाच्या यंत्रापाशी जमिनीवर बसली आणि पाय पसरले. यंत्र घरघरत होतं. ती आठ मिनिटं झोपली, नवव्या मिनिटाला पेजर वाजला.

पुढचे पाच दिवस डुल्सीने रोज सकाळी पोस्टात येऊन हॉस्पिटलला फोन लावला, कारण घरून लावला तर आजूबाजूला कोणी नसेल. पहिल्या दिवशी मूत्रपिंडं थांबली होती. दुसऱ्या दिवशी अर्धवट चालू. तिसऱ्या दिवशी दोन बोटं काळी पडली आणि काढली. चौथ्या दिवशी परिचारिका म्हणाली की आजोबा शुद्धीवर आहेत, फार गुणी आहेत, सगळ्यांशी गोड बोलतात. हे ऐकून डुल्सी काउंटरवर कोसळली आणि तेवीताला, जो तिकिटं घ्यायला आला होता, तिला धरावं लागलं.

सहाव्या दिवशी फोन लिओनीनेच उचलला.

“कोण, पोस्टातली म्हैस का?” पलीकडून खरखरीत आवाज आला. “माझी दोन बोटं विकून खाल्लीस का गं? इथलं जेवण मेंढीने हुंगलं नसतं. आणि तो तुझा डोंगर कुठाय? मला भिंतीवर आपटत नेलं त्या रेड्याने. आणि पंतप्रधानाबद्दल मी काय बोललो म्हणे? कोणाला सांगितलंस तर कोर्टात खेचीन.”

लिओनीने फोन काउंटरवर ठेवला आणि आवाज मोठा केला. रांगेत सात गिऱ्हाईकं होती. सगळे टोपी काढून उभे राहिले. डुल्सी पुढे आली, फोनपाशी वाकली आणि म्हणाली, “बोल रे, आणखी बोल.” त्याने आणखी अकरा मिनिटं सुनावलं.

लिओनी आतल्या खोलीत टपालाच्या पोत्यांवर जाऊन पडली. झोप मात्र आली नाही. डोळे मिटले की तिला आपलंच अक्षर दिसायचं, ‘वर फवारा’. माणूस वाचला म्हणून दोन तास परत येत नाहीत, आणि ती बोटंही.

महिन्याने प्रादेशिक कार्यालयाचं पत्र आलं. इशारा अखेर योग्य ठरला याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. तथापि, चारही उत्तरं बरोबर असताना ‘वागण्यात नवा गोंधळ’ हा चौकोन कशाच्या आधारे भरला, याचा खुलासा करावा, आणि सदर रुग्णाच्या पूर्वीच्या वागण्याचा कागदोपत्री पुरावा जोडावा, असं खाली लिहिलं होतं. पुरावा नसल्यास तो चौकोन यापुढे विरानिलाच्या गाडीने भरू नये.

लिओनीने पत्र तीनदा वाचलं. मग पोस्टाचं दार लावून घेतलं, चष्मा पुसला आणि उत्तर लिहिलं.

‘महोदय, आपले पत्र मिळाले. सदर रुग्णाच्या पूर्वीच्या वागण्याचा कागदोपत्री पुरावा आमच्याकडे नाही, कारण ते वागणे कागदावर लिहिण्याजोगे नसते. आमच्या परिसरात आजाराची पहिली खूण तापात किंवा नाडीत दिसत नाही, ती माणूस स्वतःसारखा राहत नाही यात दिसते, आणि तो कसा होता हे ठाऊक असल्याशिवाय ती दिसत नाही. याशिवाय सदर दिवशी मी स्वतः जी खूण पाहूनही ओळखली नाही, तिची नोंद मूळ कागदावर आहे व ती काढू नये. सबब विनंती की, विरानिला व परिसरातील साठ वर्षांवरील एकशे चौदा रहिवाशांच्या घरी, ते धडधाकट असताना, समक्ष जाऊन नोंद घेण्यासाठी आपल्या कार्यालयातील एका अधिकाऱ्याची कायमस्वरूपी नेमणूक करावी. सदर अधिकाऱ्याने प्रत्येकाकडून किमान अर्धा तास शिव्या, टोमणे अथवा मौन, ज्याचे जे नेहमीचे असेल ते, स्वीकारून त्याची दोन प्रतींत नोंद करावी व एक प्रत अँब्युलन्समध्ये ठेवावी. अधिकारी जाड कातडीचा असावा. प्रवासभत्ता आम्हास देता येणार नाही. चहा घरोघर मिळेल. मात्र कोणी तो हसतमुखाने व आग्रहाने पाजल्यास अधिकाऱ्याने पेला तसाच खाली ठेवून आम्हास तात्काळ कळवावे, ही विनंती.’